घरातल्या विजेवर ताबा कोणाचा? परळच्या चाळीत वाढलेल्या बाबासाहेबांनी १९४३ सालीच हा विषय काढला होता

मे महिना, रात्रीचे साडेनऊ. तुम्ही एसी २० वर लावलाय आणि अचानक तो आपोआप २६ वर जातो. रिमोट दाबून बघता, काही होत नाही. कारण एसीचं बटण आता तुमच्या हातात राहिलेलं नाही. ते वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये आहे.

हे सिनेमातलं वाटेल, पण असं झालेलं आहे. ३० ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात साधारण २२ हजार घरांमधले स्मार्ट थर्मोस्टॅट वीज कंपनीनं लांबूनच लॉक केले. बाहेर कडक ऊन, घरात उकाडा आणि लोकांना स्वतःच्याच घरातलं तापमान कमी करता येईना. विशेष म्हणजे या ग्राहकांनी थोड्या पैशांच्या सवलतीच्या बदल्यात कंपनीला तशी परवानगी स्वतःच दिली होती.

मुंबईत गोष्ट अजून इथवर आलेली नाही. पण गिरगाव, लालबाग, परळ, दादर या बेस्टच्या भागात स्मार्ट मीटर बसायला लागले, तेव्हा त्यावरून वाद झालाच. मीटर लांबून वाचता येतो, लांबून बंदही करता येतो, मग उद्या आमची वीज कोण आणि कधी तोडणार, असा साधा प्रश्न लोक विचारत होते.

विजेवर ताबा कोणाचा असावा आणि त्यात सामान्य माणसाचं संरक्षण कसं करायचं, हा प्रश्न याच परळ-दादर भागात राहिलेल्या एका माणसानं ८० वर्षांपूर्वी सरकारी बैठकीत मांडला होता. त्यांचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

संविधान, महाडचा सत्याग्रह, धम्मदीक्षा हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण ते चार वर्षं देशाच्या वीज खात्याचा कारभार बघत होते, हे फार कमी जणांना माहीत आहे. तीच ही गोष्ट.

रॉकेलचा दिवा आणि रात्रीचे दोन

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. रामजींच्या निवृत्तीनंतर कुटुंब काही वर्षं साताऱ्यात राहिलं आणि मग मुंबईला आलं.

मुंबईत त्यांना घर मिळालं परळच्या डबक चाळीत. घर म्हणजे एक खोली. स्वयंपाक तिथंच, झोपणं तिथंच आणि अभ्यासही तिथंच. घरातली माणसं जागी असली की पुस्तक उघडायला जागा नसायची.

यावर रामजींनी एक तोडगा काढला. भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपायचं. स्वतः रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पहाटेपर्यंत रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात अभ्यास चालायचा. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले.

आता त्याच वेळी चाळीबाहेर काय चाललं होतं ते बघा.

मुंबईत वीज येत होती. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपली बेस्ट, उभी राहिली. ७ मे १९०७ ला मुंबईच्या रस्त्यावर विजेवरची पहिली ट्राम धावली.

पण लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला वीज आधी भेटली ती गिरणीत. तोपर्यंत गिरणीचा दिवस सूर्याबरोबर सुरू व्हायचा आणि सूर्याबरोबर संपायचा. विजेचे दिवे आले आणि अंधाराची अडचण संपली. मग मालकांनी काय केलं, तर कामाचे तास वाढवले. १९०४-०५ च्या तेजीत कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. त्यावर ओरड झाली, चौकश्या बसल्या आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा आणली.

म्हणजे घरात रॉकेलचा दिवा आणि गिरणीत विजेचा लखलखाट. त्या लखलखाटाचं बटण मालकाच्या हातात होतं, आणि कामगाराचा दिवस कधी संपणार हे त्या बटणावर ठरायचं.

५० आणि ५१ नंबरची खोली

१९१२ च्या सुमारास आंबेडकर कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहायला आलं. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनं मुंबई हादरल्यावर दोन वर्षांनी हा ट्रस्ट निघाला आणि त्यानं ठिकठिकाणी कामगारांसाठी चाळी बांधल्या. चाळ क्रमांक एकमधल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या हे पुढची वीसेक वर्षं आंबेडकरांचं घर होतं.

या काळात ते किती लांब जाऊन आले हे बघितलं तर थक्क व्हायला होतं. १९१३ साली वडील वारले आणि त्याच वर्षी बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पैसे संपल्यावर परत मुंबई, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी, मग पुन्हा लंडन. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी त्यांना डीएस्सी मिळाली.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे वीज खातं हातात आलं तेव्हा त्यांनी त्याकडे अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेनं बघितलं.

लंडनहून परतल्यावर त्यांचं ऑफिस परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा तिथूनच सुरू झाली. १९३४ च्या सुमारास ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहायला गेले. हे घर बांधलं ते प्रामुख्यानं पुस्तकांसाठी. पण सुख फार टिकलं नाही. २७ मे १९३५ ला रमाबाईंचं राजगृहातच निधन झालं.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा मोठा संप झाला. संप करण्याचा हक्कच आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट नेते डांगे एकत्र आले होते. त्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली.

मजूर मंत्र्याकडे वीज कशी आली?

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर केंद्रीय मंत्री.

त्या वेळच्या मजूर खात्याचा पसारा नावापेक्षा खूप मोठा होता. कामगार तर होतेच, पण खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हेही त्याच खात्यात होतं. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि युद्ध संपल्यावर देश कसा उभा करायचा, यासाठी सरकारनं धोरण समित्या नेमल्या होत्या. सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयाच्या समितीचे अध्यक्ष होते बाबासाहेब.

२५ ऑक्टोबर १९४३ ला या समितीपुढे त्यांनी भाषण केलं. त्यात त्यांनी समितीसमोर काही प्रश्न ठेवले. ते आज वाचले तर कालच कोणीतरी विचारल्यासारखे वाटतात.

पहिला प्रश्न, वीज सरकारच्या मालकीची असावी की खाजगी?

दुसरा, खाजगी असेल तर जनतेच्या हिताचं रक्षण करण्यासाठी कंपन्यांवर काही अटी घालाव्या लागतील का?

तिसरा, विजेच्या विकासाची जबाबदारी केंद्राची की प्रांतांची?

आणि चौथा, वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, साधनांची नासाडी टळावी, यासाठी कारभाराची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

वीज कशासाठी हवी, याचंही उत्तर त्यांनी त्याच भाषणात दिलं. स्वस्त आणि भरपूर वीज असल्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही आणि कारखानदारी वाढल्याशिवाय लोक गरिबीच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. त्या काळात वीज म्हणजे शहरातल्या श्रीमंतांच्या सोयीची गोष्ट होती. बाबासाहेब तिच्याकडे गरिबीवरचा उपाय म्हणून बघत होते.

भाषणावर थांबले नाहीत

१९४४ मध्ये मजूर खात्याच्या अखत्यारीत केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. प्रांतांना वीज योजना आखायला मदत करणं, पाहणी करणं, नद्यांमधून किती वीज निघू शकते याचा अभ्यास करणं हे त्याचं काम. १९४५ मध्ये नद्यांच्या पाण्यासाठी वेगळा केंद्रीय आयोग निघाला. त्याचंच रूप म्हणजे आजचा केंद्रीय जल आयोग.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला होता. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये बंगाल आणि बिहारच्या सरकारांबरोबर बैठका घेतल्या. अमेरिकेतल्या टेनेसी खोरे योजनेच्या धर्तीवर, एकाच नदीवर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज असा एकत्र आराखडा पुढे आला. १९४८ मध्ये त्यातूनच दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं.

आणि गिरणीतल्या त्या विजेच्या दिव्यांचं काय झालं?

सोशल मीडियावर एक पोस्ट दरवर्षी फिरते, की बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण कमी मोलाची नाही. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीनं ती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांवर आली. सहा दिवसांच्या आठवड्याला ४८ तास, म्हणजे सरासरी आठ तास.

रात्र उजळवणारी वीज मालकाकडे असली, तरी दिवस किती ताणायचा हे कायदा ठरवेल, हे तत्त्व या दुरुस्तीनं आणखी घट्ट केलं.

१९४६ मध्ये ते मंत्रिपदावरून बाहेर पडले. १९४७ मध्ये लिहिलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी देशाचे कळीचे उद्योग सरकारनंच चालवावेत, अशी थेट मागणी केली. त्याच वर्षी ७ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई महापालिकेनं बेस्ट ताब्यात घेतली. हा निर्णय बाबासाहेबांचा नव्हता. पण परळ-लालबागच्या घरांना वीज देणारी खाजगी कंपनी आता शहराच्या मालकीची झाली होती.

१९४८ मध्ये वीज पुरवठा कायदा आला. त्या वेळी वीज खातं काकासाहेब गाडगीळांकडे होतं आणि बाबासाहेब कायदामंत्री होते. या कायद्यानं राज्यांच्या वीज मंडळांची आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाची तरतूद केली. १९४३ च्या बैठकांपासून सुरू झालेली चर्चा अशी कायद्यापर्यंत पोचली. आपलं एमएसईबी, म्हणजे महाराष्ट्र राज्य वीज मंडळ, १९६० मध्ये याच कायद्याखाली निघालं.

केंद्र की प्रांत, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर संविधानात सापडतं. १९३५ च्या कायद्याप्रमाणेच संविधानातही वीज समवर्ती सूचीत राहिली, नोंद क्रमांक ३८. म्हणजे केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही.

आता स्मार्ट मीटरकडे येऊ

वीज कंपन्यांना लांबून ताबा हवा कशाला, हे आधी समजून घ्यायला हवं.

वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं महाग पडतं. ज्या क्षणाला वापर, त्याच क्षणाला निर्मिती, असा हिशेब जुळवावा लागतो. उन्हाळ्यात हजारो एसी एकदम सुरू होतात तेव्हा कंपनीला महागडी वीज विकत घ्यावी लागते आणि शेवटी तो खर्च सगळ्यांच्या बिलात येतो, एसी नसलेल्या चाळीतल्या खोलीच्या बिलातही. त्या दोन-तीन तासांत वापर थोडा कमी झाला तर सगळ्यांचा फायदा. यालाच डिमांड रिस्पॉन्स म्हणतात. २०२३ मध्ये टाटा पॉवरनं मुंबईत ५५ हजार घरगुती ग्राहकांसह अशी योजना जाहीर केली. कोलोरॅडोमध्ये कंपनीनं थेट बटण फिरवलं, इथं ग्राहकानं स्वतःहून वापर कमी करावा अशी कल्पना आहे.

बाबासाहेबांच्या चौथ्या प्रश्नातली नासाडी टाळण्याची गोष्ट ती हीच. त्यामुळे हे तंत्रज्ञान मुळातच वाईट आहे, असं म्हणून चालत नाही.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो, अटींचा.

आज अटी आहेत. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार बिल थकलं तरी १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. ही नोटीस म्हणजे सामान्य माणसाची ढाल आहे. पगार उशिरा झाला, कोणी आजारी पडलं, बिलच चुकीचं आलं, तर धावपळ करायला १५ दिवस मिळतात. वीज तोडायला माणूस यायचा, त्याच्याशी बोलता यायचं.

प्रीपेड मीटरमध्ये बॅलन्स संपला की माणूस यायची गरजच उरत नाही. मीटरच्या आतला स्विच लांबून पडतो. मग या १५ दिवसांचं काय, हीच लोकांची खरी भीती होती.

२०१९ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणानं मीटरच्या नियमांत दुरुस्ती करून नवे मीटर स्मार्ट आणि प्रीपेड सोय असलेले असावेत असं ठरवलं. २०२० मध्ये केंद्रानं ग्राहक हक्कांचे नियम आणले, त्यातही तेच धोरण होतं. महाराष्ट्रात विरोध वाढल्यावर २०२४ मध्ये राज्य सरकारनं सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. केंद्र एक म्हणतंय आणि राज्य दुसरं, असं कसं होऊ शकतं याचं उत्तर त्या समवर्ती सूचीतल्या ३८ व्या नोंदीत आहे.

एसीचंही तसंच. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर लागावा, असा नियम झाला. नको असेल तर ग्राहक बदलू शकतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान २० ते २८ च्या मध्येच ठेवण्याचा विचार सांगितला. आधीच्या नियमात शेवटचा शब्द तुमचा होता. या विचारात तुमच्या निवडीला कुंपण येतं. दोन्हींमधला फरक छोटा दिसतो, पण सगळा वाद त्या फरकाचाच आहे.

बटण कंपनीच्या हातात असो, महापालिकेच्या किंवा केंद्राच्या, ते दाबण्याआधी त्यांनी कोणाला विचारायचं, किती आधी सांगायचं, आजारी माणूस असलेल्या घराला सूट द्यायची का आणि चूक झाली तर दाद कुठे मागायची, हे लिहून ठेवलेलं असायला हवं. कोलोरॅडोतल्या लोकांनी सवलत बघितली, अटी नंतर कळल्या.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. त्यांचं पार्थिव मुंबईला राजगृहात आणलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. आज तिथं चैत्यभूमी आहे.

परळ-लालबागच्या कुठल्याही जुन्या चाळीत शिरलात की जिन्याखाली मीटरची रांग दिसते. तिथं उद्या नवा मीटर लागायला आला, तर तो कोणत्या कंपनीचा आहे एवढंच विचारून थांबू नका. आमच्या हिताच्या अटी कुठे लिहिल्या आहेत, तेही विचारा. रॉकेलच्या दिव्यावर शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये नेमकं तेच विचारलं होतं.